साडेपाच तास मागं

विश्रामबागेतलं सायबर कॅफे बंद झालं
तेव्हा अठराशेला आणलेला संगणक
आता आमच्या माळ्यावर बसून असतो,
भिंतीवरच्या पुराच्या रेषेच्या
बरोबर दोन हात वर.
रेष अण्णांनीच मारलीय, सुतारी पेन्सिलीनं.
शेजारी साल लिहिलेलं नाही.
सांगलीत ते लिहावं लागत नाही.

संगणकात मी डबे मांडलेत,
आई फडताळात मांडायची तसे,
हिंगाचा वास चहापत्तीला लागू नये असे.
एक डबा फीत दाखवतो, एक नोंदी ठेवतो,
एक रोज रात्री सगळ्याची प्रत
विट्याला आत्याकडे धाडतो.
(तिकडं प्यायला पाणी नाही, पूर कुठला.)
डबा बिघडला की फेकायचा, नवा आणायचा.
माल डब्यात ठेवायचाच नाही,
माल बाहेर, डिस्कवर.
‘मग डबा कशाला गं, त्रिशला?’
अण्णांनी विचारलं.
मला नीट सांगता आलं नाही.

माल म्हणजे लग्नं.
मगदूम व्हिडिओ शूटिंग, हरिपूर रोड.
कुणी बाकी दिली नाही म्हणून,
कुणी न्यायलाच आलं नाही म्हणून
राहिलेल्या एकशे बारा कॅसेटी.
पूर ओसरल्यावर अण्णांनी त्या गच्चीवर
हळकुंडांसारख्या वाळत घातल्या,
दिवसातून तीनदा उलथल्या.
एकसष्ट बोलल्या.

सर्व्हरला आमची लग्नं ओळखू येईनात.
‘चौगुले–आवटी, नांद्रे, १९९६’ला त्यानं
कुठल्याशा परदेशी सिनेमाचं चित्र चिकटवलं:
होडीत उभा, पिंगट केसांचा एक माणूस.
अण्णा म्हणाले, नवरदेव झ्याक दिसतोय, राहू दे.
बाकीची नावं मी हातानं लिहिली.

आई कुठल्याच फितीत नाही.
सतरा वर्षं ती हॅलोजनचा दिवा धरून
अण्णांच्या डाव्या खांद्यामागं उभी.
नवरीची नथ चमकते,
भटजी डोळे बारीक करतात,
करवली हातानं तोंड झाकते,
ते सगळं आईमुळं.

परवा नोंदी चाळत होते.
अण्णांच्या नावावर, पुढच्या खोलीतल्या टीव्हीवर
एकच फीत, रोज, रात्री नऊ चाळीसला.
आमच्याकडं जेवणं दिवस मावळायच्या आत,
नवाच्या ठोक्याला अण्णा घोरतात.
मग नऊ चाळीसला कोण?

उशिरा लक्षात आलं,
डब्याला आपली वेळ सांगायचीच राहिली.
तो आपला अजून साडेपाच तास मागं.
म्हणजे पहाटेचे तीन दहा.

काल जागी राहिले.
दाराच्या फटीतून पाहिलं:
होडीवाल्याचं लग्न, आवाज बंद.
एक्केचाळीस मिनिटं, सतरा सेकंदांवर
अण्णांनी फीत थांबवली.
रुखवत मांडलेलं. घागर, परात, पाच ताटं,
आणि स्टीलचं नवंकोरं पिंप.
पिंपाच्या पोटात वाकडी, उंचच उंच एक बाई,
हात वर केलेली.
तोंडाच्या जागी नुसता उजेड.

मी फरशी न वाजवता मागं फिरले.

सकाळी वेळेची ओळ लिहायला बसले.
एकच ओळ. वर आधीची होतीच,
मीच लिहिलेली, पहिल्या दिवशी:
मुद्दाम थांबवलं नाही, तर पुन्हा उठ.
तिच्याखाली काहीच लिहिलं नाही.
नोंदीत त्यांचं नऊ चाळीसच बरं.

अण्णा मोरीपाशी मिसरी लावत होते.
म्हणाले, ‘तुझं ते मशीन
रात्री लई घुरघुरतंय.
झोप न्हाई लागत.
तेल घाल जरा.’