पाणी किती आहे?

वडूज आगारात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या :
दहिवडी जादा, निढळ शालेय फेरी,
कातरखटावची मुक्कामी, जिचा कंडक्टर कायम गायब.
आता पहिल्यांदाच स्वतःची फेरी आखतोय
जुन्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर.

वडूज सुटणे ४.५०
(दस्तगीर मुलाणीची जीप. काच वर होत नाही. कानटोपी.)
येरळवाडी तळं ५.२०
उजाडणे ६.४०
रोहित पक्षी, आगमन

आणि इथं पेन थांबतं.
कच्छच्या रणातून सुटलेल्या फेरीचा
नियंत्रक कोण, चौकशी कुठल्या खिडकीवर?
पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतात म्हणे,
रात्रीचे, एका दमात,
चहाचा थांबा नाही, बदली चालक नाही.
आमच्याकडं पुसेगावच्या चढाला गाड्या तापायच्या.

शालन दशम्यांचं पीठ मोजताना विचारते,
"लाल लुगडं नको, पांढरं नको, बोलायचं नाही, हलायचं नाही,
मग मी काय बाभळ होऊन येऊ?"
तिनं शेवटी हिरवी शाल काढून ठेवली.
दुर्बीण नातीची आहे. एक डोळा धूसर.

दर रविवारी तळ्यावरच्या बाळकू भोईला फोन.
"पाणी किती आहे?"
डिसेंबरात म्हणाला, "म्हसोबाच्या पायरीला लागलंय."
मग नाही यायचे ते.
त्यांना लागतं गुडघाभर पाणी, खाली मऊ चिखल,
चोच उलटी धरून गाळत चालायचं असतं त्यांना.
खोल तळं त्यांच्या काय कामाचं.
जानेवारीत म्हणाला, "कालवा सोडलाय. दुसरी पायरी बुडाली."
मी म्हणालो, "अरेरे."

तिकडं थोडा वेळ फक्त वारा.
मग बाळकू म्हणाला, "काय म्हणालासा, सायेब?"

काही नाही म्हणून फोन ठेवला.
खटावातला माणूस मी,
तळं भरलं म्हणून हळहळलो.

एका मार्चात मीच गाडीच्या टपावर
रिकाम्या घागरी चढवू दिल्या होत्या, बिनतिकिटाच्या,
सत्तेचाळीस घागरी,
आणि त्याबद्दल साताऱ्याहून आलेला मेमो
अजून ट्रंकेत आहे.
त्याच मार्चात ह्याच तळ्यात रोहित होते, शेकड्यानं,
उरलेल्या पाण्याला गुलाबी काठ लावल्यासारखे.
गाडी तळ्याला वळसा घालून गेली.
बायका वर चढवलेल्या घागरींचा आवाज ऐकत होत्या,
मी सह्या करत होतो.
खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, बघितलं कुणीच नाही.

आमची तहान म्हणजे त्यांची पंगत,
हे तेव्हा कळायला हवं होतं, असंही नाही.
कळून काय केलं असतं?

तारखेची जागा मोकळी ठेवलीय.
४.५० खोडलेलं नाही.
ह्या रविवारी फोन केला तेव्हा
हरभऱ्याचं विचारलं, त्याच्या गुडघ्याचं विचारलं,
पाण्याचं तोंडावर येऊ दिलं नाही.
शेवटी त्यालाच राहवलं नाही :
"रोहित न्हाईत, सायेब. रोहू हाईत.
दोन-दोन किलोचं. या की."

लॉगशीटवर खाली, साहित्य :
दुर्बीण, कानटोपी, हिरवी शाल,
आणि वेगळ्या शाईनं,
पिशवी.