कोरिएंतेस रस्त्यावर, जुलैत

इथं जुलैत थंडी पडते हे माहीत होतं,
तरी बॅगेत एकच स्वेटर.
ओबेलिस्कच्या पायाशी उभं राहून फोटो काढून घेतला,
त्यात माझ्यापेक्षा बस जास्त आली.

मग कोरिएंतेस.
दोन्ही बाजूंना नाटकंच नाटकं,
चार मजली चेहरे, दातांत दिवे बसवल्यासारखे हसणारे,
खालच्या रांगेला नखाएवढी करून टाकणारे.
रात्री नऊला पुस्तकांची दुकानं उघडी.
एक आजोबा दारातच बसून पानं चाळतायत,
कुणी त्यांना उठवत नाही.

मोठ्या थिएटरांचे दर ऐकले,
मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला,
तिथंच पहिला अंक संपला.

एका बोळवजा आर्केडमध्ये
अर्ध्या किमतीच्या तिकिटांची खिडकी.
काचेमागं आयदे नावाची बाई,
गळ्यात चष्मा, केसांत पेन्सिल.
स्पॅनिश येतं का, तिनं विचारलं.
मी मान हलवली,
आपल्याकडची मान, ना धड हो ना धड नाही.
तिनं हो धरलं.

टायच्या दुकानाखालचं तळघर.
साठ खुर्च्या, आम्ही अकरा जण.
टॉर्चवाल्या म्हाताऱ्यानं खुर्चीपर्यंत सोडलं
आणि थांबला.
मी हसले. तोही हसला. थांबलाच.
शेजारणीनं माझ्या वतीनं त्याच्या मुठीत नोट सरकवली
तेव्हा कळलं,
इथं उजेडाचे पैसे वेगळे.

तिसरी घंटा झालीच नाही.
पहिली नाही, दुसरी नाही.
मी कान टवकारून बसलेली
आणि नाटक केव्हाच सुरू झालेलं.

एक बाई टेबलाशी बटाटे सोलत होती.
एक माणूस दाराशी कोट घालत होता, काढत होता, घालत होता.
शब्द भराभर निघून गेले,
माझ्या स्टॉपवर एकही थांबला नाही.
दहा जण हसले की मी अकरावी,
नव्या सुनेनं पंगतीत हसावं तशी,
आधी इकडंतिकडं बघून.

पण दिवे.
अठरा वर्षं, बँकेतून सुटल्यावर,
आमच्या हौशी मंडळाच्या नाटकांना
प्रकाश माझाच.
त्या माणसानं कडीला हात घातला
त्याच्या किती तरी आधीपासून
खिडकीतला पिवळा उतरत होता,
इतका हळू
की संध्याकाळ झाल्याचं सोलणाऱ्या हातांना आधी कळलं,
बाईला नंतर.
तो गेला.
अंधार नाही केला. वरच्या त्या कुणीतरी
एक दिवा सालींच्या ढिगावर ठेवला.
आणि ठेवला.
आणि ठेवला.
मी असते तर घाबरून काढून घेतला असता.

त्या रात्री पहिल्यांदाच
मी बाकीच्या दहांच्या आधी रडले.

नंतर उभ्यानं पिझ्झा.
काउंटरवर कोपराला कोपर,
चीज इतकं की सुरीनं हात टेकले.
पलीकडे तीच, बटाटेवाली,
कानामागं रंग राहिलेला,
ओरेगानोची बाटली मागतेय.
सगळे तिच्याकडं बघतायत.
मी तिच्या शेजारच्या पोराची बोटं बघितली:
अंगठा, तर्जनी,
टोकांना भाजल्याचे जुने चट्टे.
माझी दोन बोटं त्याच्यापुढं धरली.
तो चावायचा थांबला.
तेलकट हात छातीवर ठेवून म्हणाला, नाउएल.

मी हवेत डिमर खाली ओढला,
हळू, अजून हळू,
आणि भुवया उंचावल्या: किती?
त्यानं दहाही बोटं उघडली, मिटली.
चार वेळा.
चाळीस सेकंद?
चाळीस! मी ओरडले, तोंडातल्या घासासकट.
चालीस, तो म्हणाला,
जिभेवर जमेल तसं.

विमान उद्या दुपारचं.
हॉटेलकडं जाताना स्वेटरला कांद्याचा वास,
वर ते चार मजली चेहरे अजून तसेच,
दात विचकून, पूर्ण उजेडात.
चौकात सिग्नल बघत उभी राहिले.
हिरव्याचा लाल,
एका झटक्यात.
कुणी हळू करत नव्हतं.