प्रमाण एकास एक

नोकरीत माझं प्रमाण एकास हजार.
कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे शेतातले दहा मीटर,
त्यात एक विहीर, दोन बाभळी
आणि तीन पिढ्यांचा अबोला आरामात मावतो.

रविवारी मी एकास एक करतो.
मुंगी जेवढी बाहेर, तेवढीच आत,
कॅमेऱ्यातल्या चौकोनावर.

कॅमेरा नांदेडच्या मुनीर शेखचा, जुना.
अकराशे लग्नं पाहिलेला.
देताना म्हणाला, शटर थकलंय साहेब,
पण हसरे चेहरे अजून नीट धरतो.
म्हटलं, मला न हसणारेच हवेत.

पन्नासची लेन्स उलटी बसवली.
दुर्बीण उलटी धरली की हत्तीची मुंगी होते,
लेन्स उलटी धरली की मुंगीचा हत्ती.
मध्ये तीन नळ्या. पोकळ. आत काच नाही, काही नाही.
रत्नमाला म्हणाली, नुसत्या अंतराचे नऊशे रुपये?
मी मोजणीदार माणूस.
अंतराचेच तर पैसे असतात, म्हटलं.

फ्लॅशला चिप्सच्या पाकिटाचं नळकांडं, चांदी आतून,
तोंडाला बेकरीतून मागून आणलेला बटर पेपर.
सरकपट्टी गणपत पांचाळांच्या लेथवरची,
एक आटा फिरवला की अर्धा मिलिमीटर पुढे.
पायमोज्यात ज्वारी भरून कॅमेऱ्याला उशी केली.
मंगळवारी ती उंदरानं खाल्ली.
पुन्हा भरली.

टोम्प्यांच्या बांधावर मी आधी दोनदा गेलो होतो.
दोन्ही वेळा दोघे भाऊ दोन टोकांना,
मधला दगड कुणी हलवला ते दगडालाच ठाऊक.
पंचनामा लिहिता लिहिता दिसली होती
हरभऱ्यात झोपलेली टाचणी.
लिहिली नाही. तिच्यासाठी रकाना नव्हता.

म्हणून आज परत आलो, सहाला, वसमतहून सायकलनं.
असनेवरचं धुकं अजून उठलेलं नाही.
पोटावर झोपलो. हरभऱ्याची आंब
शर्टातून कोपरांना झोंबते,
ओठाला लागली तर आंबट.

टाचणी निळी. दवानं इतकी जड
की ऊन आल्याशिवाय तिला उठता येणार नाही.
डोळ्यावर थेंब, थेंबात उलटं शिवार.
स्पष्ट दिसतं ते फक्त अर्धा मिलिमीटर.
डोळा धरला की पंख सुटतात,
पंख धरले की डोळा.
आणि मी श्वास घेतला तर सगळंच सुटतं.
म्हणून श्वास अर्ध्यावर धरायचा,
निकाल वाचताना दोन्ही पक्ष धरतात तसा.
एक आटा, टिक.
एक आटा, टिक.

छत्तीस झाले तेव्हा मागे चपला वाजल्या.
धाकटा टोम्पे.
"काय करायलाव साहेब? रविवारी बी मोजणी?"
मी ओठावर बोट ठेवलं.
तो उकिडवा बसला. मग स्वेटरसकट
पोटावर आडवा झाला, माझ्याशेजारी,
मागच्या पडद्यात बघू लागला.
बराच वेळ काही नाही.
मग अगदी हळू:
"ही कुणाच्यात बसलीय?"

मी पाहिलं. सवयीनं.
पाय बांधावरच्या गवताला,
डोकं थोरल्याकडे, शेपूट याच्याकडे.
सांगणार होतो,
तेवढ्यात त्याचा श्वास गवताला लागला
आणि सदतिसावा फोटो हलला.

ऊन आलं. तिनं पंख झटकले, उडाली
गट नंबर एकशे चौदात,
जो या दोघांचाही नाही.
टोम्पे उठला, गुडघे झाडले,
"चहा घेताव का," म्हणाला.

रात्री छत्तीस फोटो एकावर एक रचले, एक टाचणी झाली,
डोळ्यापासून शेपटीपर्यंत.
सदतिसावा त्यात बसत नव्हता.
तो मी पुसला नाही, का ते माहीत नाही.

सोमवारी पुन्हा एकास हजार.
टोम्प्यांचा नकाशा टेबलावर.
त्यावर टाचणी एवढी लहान
की पेन्सिलचं टोकसुद्धा तिच्यावरून जाताना
तिला चिरडून जाईल.
शिपायाला हाक मारली,
शार्पनर मागवला.