पन्नास लक्स

पन्नास लक्स. त्याहून जास्त उजेड नको,
असं करारात लिहिलंय, आणि ते सांभाळणं माझं काम.
बोर्गहिल्ड आक्सदालच्या एकशे बारा चित्रांसमोरून
मी मीटर घेऊन फिरतो,
आजाऱ्यांच्या कपाळाला हात लावत फिरावं तसा.

हाउगेसुंदची ही जुनी हेरिंगची वखार.
भिंती तीनदा धुतल्या, पांढऱ्या केल्या,
तरी हवा दमट झाली की
फ्रेमांच्या मागून मासळीचा वास येतोच.

छप्पन साली लोक तिला हसायचे.
खरा फोटो म्हणजे काळापांढरा.
रंग म्हणजे साबणाची जाहिरात,
फार तर चुलतबहिणीचं लग्न.
ती फिल्म धुवायला पोस्टाने परदेशी पाठवायची.
सहा आठवड्यांनी रंग घरी यायचे,
तोवर ती बोट बुडालेली असायची
किंवा नुसतीच विकलेली.

पिवळं रबरी एप्रन.
खवल्यांनी चमचमणारं मनगट, त्यावर बंद पडलेलं घड्याळ.
खिडकीत एकच संत्रं, कुणी खायचं ते न ठरलेलं.
आभाळ तिने फारसं घेतलं नाही.
आभाळ इथे सगळ्यांकडेच होतं.

उद्घाटनाला गाव लोटलं
ते चित्रं बघायला नाही, आपापली माणसं शोधायला.
"हा आमचा पडदा!" कुणी ओरडलं.
एक बाई निळ्या बादलीसमोर
बराच वेळ रडत उभी होती. विचारायचं धाडस झालं नाही.

आणि सत्तेचाळीस नंबरपाशी तोरलाइव्ह मात्रे,
वय अठ्ठ्याऐंशी, जन्मभर बोटी रंगवलेला.
चित्रात हिरवं दार,
चौकटीला कोपर टेकून एक तरुण बाई, करडा स्वेटर.
"हा हिरवा चुकलाय," तो म्हणाला.
क्युरेटर नम्रपणे म्हणाली, मूळ स्लाइडशी ताडून पाहिलाय.
"दार मी रंगवलंय, पोरी.
बोटीचा उरलेला रंग, त्यात तीन चमचे पिवळा.
इतका गडद तो कधीच नव्हता."

दुसऱ्या दिवशी तो खिशात एक ढलपी घेऊन आला.
दार अजून आहे म्हणे, कोंबड्यांच्या खुराड्याला.
बिजागरीखालचा तुकडा,
साठ वर्षांत ऊन न पाहिलेला.
सोमवार होता, दालन रिकामं.
मी नियम मोडला, टॉर्च लावला.

ढलपी फिकटच होती.
म्हातारा जिंकला होता.
पण तो ढलपीकडे बघतच नव्हता.
नाक काचेला लागेल इतका वाकून
तो स्वेटरच्या कोपराकडे बघत होता.
तिथे एक हिरवा ठिपका.
मला तो माहीत होता. अहवालात मीच लिहिलं होतं:
सत्तेचाळीस, मध्यभागी डाग, फिल्मचा दोष.

"ओला होता," तोरलाइव्ह म्हणाला.
"रंग अजून ओला होता.
सिग्फ्रिदला सांगितलं होतं, टेकू नकोस."

मग काही वेळाने, माझ्याकडे न बघता:
"सोळा वर्षं घातला तो स्वेटर.
बाही दुमडून."

मी टॉर्च विझवला.
ढलपी त्याने रुमालात बांधून परत नेली.
अहवालातला 'दोष' मी खोडलाय.
त्या जागी काय लिहावं,
अजून सुचलेलं नाही.