तीन मिनिटं

एकतीस वर्षं मी मुलांना बोलायला शिकवलं.
'अध्यक्ष महाशय' म्हटल्यावर किती थांबायचं,
'उठा'वर उजवा हात कुठवर न्यायचा,
'मातृभूमी'ला मान कशी जरा कलती ठेवायची.
ढाली आहेत अजून शाळेत, कपाटावर;
पितळ हिरवं पडलंय खाऱ्या वाऱ्यानं.

म्हणून द्वारका कोचरेकर माझ्याकडे आली,
टोपली ओट्याखाली ठेवून,
सुनावणीचा कागद दोन बोटांत धरून.
बाकीच्या बोटांना खवले होते.
"गुरुजी, माका बोलूचा आसा.
नवी जेटी बांधतत थंय. तीन मिन्टां दिल्यानी."

मी रात्री बसून लिहून काढलं.
आधी सुभाषित, मग सागराचं वर्णन,
मधे आकडे, शेवटी दोन ओळी अशा
की टाळ्या पडायलाच हव्यात.
तिनं ऐकलं, सुपारी कातरावी तसं मन लावून,
आणि विचारलं,
"सायब खंयचो? घाटावरचो काय?
मासे खाता?"
मला माहीत नव्हतं.
"मगे भाव कसो सांगूचो?"

कागद नेला तिनं. त्याचं काय केलं, मी विचारलं नाही.

पुढचे आठ दिवस ती दिसायची
सुकतीच्या वेळी खाडीच्या मुखाशी,
हातात वेळूची काठी, पाण्यात चालताना.
थांबायची. कोयत्यानं काठीवर खूण करायची.
पुन्हा चालायची.
संध्याकाळी भिकाजी तांडेलाच्या खळ्यात बसून
म्हाताऱ्याकडून एकेक साल वदवून घ्यायची.
एकदा रिक्षा करून देवगडला गेली,
रिकामं सभागृह बघायला:
पंखे किती वाजतात, साहेबाची खुर्ची कुठं,
अकरा वाजता ऊन कोणाच्या डोळ्यांवर येतं.
लिलावातही ती हेच करते म्हणे,
बोली लावणाऱ्याचा पाय कुठं वळलाय ते आधी बघते.

तिच्याआधी सतरा जण बोलले.
एकानं आरमारापासून सुरुवात केली;
घंटी वाजली तेव्हा तो अजून गलबतातच होता.
एक रडला. एकानं टेबल आपटलं.
साहेब मोबाइलवर अंगठा फिरवत होते.

द्वारका उठली.
माइक तिनं बाजूला सारला, आणि मी कान आवळले:
इंजिनाच्या फटफटीवरून पलीकडल्या होडीत पोचतो तो आवाज
मला ठाऊक आहे.
ती हळू बोलली. इतकी हळू
की मागच्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या.

"माजो घोव होतो तेव्हा," हात खांद्याला, "पाणी हयसर."
"पयली जेटी झाली," हात कमरेला, "हयसर."
मग निऱ्या सावरून वाकली,
गुडघ्यावर हात ठेवून तशीच राहिली थोडी.
"काल. सुकतीक. मिया मापलंय."
काठी टेबलावर ठेवली, खुणांची बाजू वर करून.
"होडये खंयसून भायर काढूचे?"

आणि गप्प उभी राहिली.

साहेबांनी मान वर केली. "झालं?"
"नाय. तीन मिन्टां दिलास मां?
माजा सांगान झाला. उरलेल्यात तुमी बोला."

सवयीनं मी घड्याळ बघितलं.
एक मिनिट चाळीस सेकंद. नुसते पंखे.
स्पर्धेत असती तर मी गुण कापले असते,
लाल शाईनं लिहिलं असतं: समारोप नाही.

साहेब शेवटी काहीतरी बोलले, ऊन डोळ्यांवर घेत.
इतिवृत्तात एक ओळ आली:
'श्रीमती कोचरेकर यांनी हरकत नोंदवली.'
काठीचा उल्लेख नाही.
जेटीचं काय होणार, कोणी सांगत नाही.

सोमवारी मी सौंदाळे घ्यायला गेलो.
तिनं भाव सांगितला. मी म्हटलं, जास्त होतात.
ती काही बोलली नाही. बघत राहिली.
मी पाकीट काढलं.