कौल होईस्तोवर

रुपेशचा फोन आला. आवाज मागेपुढे होत होता.
"आई, मुदत वाढली. सहा महिने.
इथलं मतदान होईस्तोवर हलता येत नाही."
मी म्हटलं, बरं.
सुपात आमसुलं होती, तीन पुटं दिलेली,
त्याच्या नावानं वेगळी काढलेली.
हात लाल, म्हणून फोन खांद्यात धरलेला.

कसलं रे मत?
म्हणाला, एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं,
ते इथली माणसं ठरवणार.
आणि तुम्ही?
"आम्ही मध्ये उभे."

मध्ये उभा राहिलेला माणूस मला ठाऊक आहे.
मानपानावरून वरची वाडी, खालची वाडी फाटली,
ऐन शिमग्यात देव कुलपात बसला,
तेव्हा गुहागरहून बंदोबस्त आला होता.
त्यात एक गिराम, परभणीकडचा,
समुद्राला पाठ करून बसायचा.
आठ दिवसांसाठी पाठवलेला, अकरा महिने राहिला.
दर पंधरवड्याला कागद यायचा: पुढील आदेशापर्यंत.
वरच्यांचा चहा घेतला की खालचे थुंकायचे,
खालच्यांचं शहाळं घेतलं की वरचे.
शेवटी माझ्याकडे जेवायला लागला,
कारण मी माहेरची वरची, सासरची खालची,
दोघांनीही अर्धी सोडलेली.
कुळथाची पिठी ओरपायचा आणि विचारायचा,
"मावशी, ज्वारी मिळेल का हो कुठं?"

देवाला कौल लावला
तर पाकळी उजवी पडेना, डावी पडेना,
दगडालाच चिकटून राहिली.
मग माणसांनी कौल दिला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
एकत्र राहायचं त्यानं सुपारी,
वेगळं व्हायचं त्यानं वाल.
त्या दिवशी गिराम जेवला नाही.
म्हणाला, भांडताना माणसं ओळखू येतात,
मोजताना येत नाहीत.

निकाल काय लागला ते मला विचारू नका.
शिमग्याला या, पालख्या मोजा.

रुपेश तेव्हा सातवीत. गिरामची शिट्टी घेऊन पळायचा.
आठवत असेल त्याला, नसेलही.
मी एवढंच विचारलं,
तुला तिथं जेवायला कोण घालतं?
"मेस आहे ना, आई."
मेस म्हणजे मेस रे. घर कुणाचं?

लाइनीत नुसता वारा.
मग म्हणाला, चौकीजवळ एक बाई आहे,
भाजलेलं रताळं देते,
पैसे घेत नाही,
कुठल्या बाजूची ते सांगत नाही.

फोन ठेवला.
वेगळ्या काढलेल्या आमसुलांना
आणखी एक पूट दिलं.