भिंतीपलीकडून

'कॉपर नेल्स' हे नाव आता चौघांनाच आठवतं,
आणि त्यातले दोघे त्या बँडमध्येच होते.

ग्रिम्सबी. चौसष्टचा नोव्हेंबर.
मी चौदाची, हॉलमध्ये पंधराची अट
आणि दारावर तिकिटं फाडायला माझाच मामा.
मग मागच्या गल्लीत माशांच्या रिकाम्या पेटीवर चढून
विटांच्या भिंतीला कान लावला.
शब्द नाहीत. सूर अर्धामुर्धा.
नुसती धडधड, विटेतून गालात,
गालातून दातांत.
घरी गेले तर कानाला चुना.
आईला म्हटलं, पडले.

एकदाच ध्वनिमुद्रण झालं त्यांचं,
क्लीथॉर्प्सला, रेडिओदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत.
पाच तबकड्या. कारखान्यातल्या नव्हेत,
लाखेचा पातळ थर दिलेल्या,
सुई जितकी फिरेल तितक्या झिजणाऱ्या.
हे मला कळलं फार उशिरा,
बसडेपोतली नोकरी संपल्यावर,
कीथ गेल्यावर,
सकाळी करायला काहीच नसायचं तेव्हा.

लाउथच्या बाजारात खोकी उपसून बोटं काळी केली.
एकदा सापडले की 'कॉपर नेल्स'!
बावीस पौंड मोजले, घरी आणून लावली,
तर ओहायोतले कुणी बँजो वाजवणारे.
तीही पूर्ण ऐकली. पैसे मोजले होते.

गिटारवाला नेव्हिल डाउस आता गळ आणि आमिषं विकतो.
"आम्ही वाईट वाजवायचो हो," म्हणाला,
आणि गिऱ्हाइकाला अळ्या मोजून देत राहिला.
त्याच्या तबकडीवर त्याच्या पोरानं
छर्ऱ्याच्या बंदुकीची नेमबाजी केलेली.
गायकाची तबकडी गायकासोबत ऑस्ट्रेलियाला गेली;
गायक तेवढा परत आला.
तिसरी पुराच्या पाण्यात.
चौथीचं पाकीट मिळालं, त्यावर शाईनं 'आईसाठी',
आत कुठलासा पोल्का.

पाचवी ड्रमरच्या बहिणीकडे.
ड्रमर क्लिफर्ड मॉअर, एकाहत्तरच्या मार्चमध्ये
ट्रॉलरवर गेला आणि वादळात डेकवरून नाहीसा झाला.
बहीण बेरिल, ब्याऐंशीची,
पहिल्या तीन पत्रांत ताकास तूर लागू देईना.
चौथ्यात मी चुन्याची गोष्ट लिहिली.
उलट टपाली उत्तर: गुरुवारी या, चहाला.

टॉवेलांच्या कपाटात, घोंगडीत गुंडाळलेली.
"यंत्रबिंत्र नको हं," ती म्हणाली,
माझ्या पिशवीतलं रेकॉर्डर तिला कसं कळलं कोण जाणे.
"त्याच्या वाढदिवसाला लावते. तेवढंच."
थोडं थांबून: "आणि काही वाईट दिवशी."
मला हिशेब करायचा नव्हता,
पण त्रेपन्न वाढदिवस आपोआप मोजले गेले.
वाईट दिवस किती, ते विचारलं नाही.

सुई टेकली.
आधी कढईत काही तळतंय असा आवाज,
मग कुणीतरी खोकलं,
मग काठीवर काठी, चारदा.
आणि मग गाणं नव्हतंच.
गळा झिजून गेलेला, गिटार झिजून गेलेली,
तळाशी उरली होती
नुसती धडधड.

बेरिलचे ओठ हलत होते.
तिला सगळे शब्द येत होते,
जे मी साठ वर्षांत एकदाही ऐकले नाहीत
आणि आताही नाही,
कारण ती आवाज न करता म्हणत होती.
माझा हात गालाशी गेला होता.
पेटीचा ओला वास, थंडगार वीट,
आत कुणीतरी मला सोडून नाचतंय.

"कसं वाटलं? खरखर फार आहे का?"
"नाही," मी म्हटलं. "अगदी असंच होतं."

ती हसली. सुईवरची धूळ
बोटानं हलकेच टिपली,
आणि म्हणाली, पुन्हा लावू?

नको म्हणायला हवं होतं.